शरीररक्षकांचे निरोप आणि आंतड्याचा कर्करोग

माझ्याबरोबर पुष्कळ वर्षें शिक्षकाचें काम केलेले माझे एक स्नेही गेल्या वर्षीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगानें आजारी पडले. शस्त्रक्रिया झाली, पुढचे औषधोपचार झाले, आणि आतां ते पूर्ववत् हिंडूंफिरूं लागले आहेत. त्यांच्या समाचारास गेलों असतां ते मला म्हणाले, "मास्तर, मी जन्मभर बेताचें खाल्लें, विडीला शिवलों नाहीं, पहांटे फिरावयास जाण्याचा नेम कधीं मोडला नाहीं. मग माझी प्रतिकारशक्ति कमी कां पडली?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. मी कांहीं वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना शास्त्र विषय शिकविलेला माणूस आहें. पण प्रश्न मनांतून जाईना. म्हणून मिळेल तें वाचीत गेलों, जाणत्या डॉक्टरांना विचारीत गेलों; आणि ध्यानांत आलें तें असें कीं, आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नांतच एक चूक दडलेली आहे. प्रतिकारशक्ति ही कणगींतल्या धान्यासारखी कमी किंवा जास्त मोजावयाची वस्तु आहे असें आपण धरून चालतों. वस्तुतः ती एक मोठी संस्था आहे, आणि तिचा सर्व कारभार निरोपांवर चालतो. कोणता निरोप सुटला, तो कोणाला पोंचला आणि किती काळ चालू राहिला, यावर आंतड्यांतील रोग वाढावयाचा कीं हटावयाचा हें बऱ्याच अंशीं ठरतें. हाच विषय आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

हा रोग विरळा नव्हे. २०२२ सालीं सगळ्या जगांत मोठें आंतडें व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारें १९ लाख नवे रुग्ण आढळले, आणि सुमारें ९ लाख माणसें त्यानें दगावलीं. कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंच्या यादींत याच्या वर फुप्फुसाचा कर्करोग तेवढा होता.

प्रथम, जेथें हें सर्व घडतें ती जागा पाहूं. मोठें आंतडें ही सुमारें पांच फूट लांबीची नळी आहे. तिच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक नाजूक अस्तर असतें. तें किती जाड असावें? अवघी एका पेशीइतकी त्याची जाडी. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर, आणि थरापलीकडे अगणित सूक्ष्म जंतूंची वस्ती. हे जंतु एरव्हीं आपल्या उपयोगाचेच असतात. मात्र त्यांनीं अस्तराच्या पलीकडेच राहिलें पाहिजे. अस्तरांत जागोजाग सूक्ष्म आडांसारखे खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशीं कांहीं मूळपेशी असतात. त्या सतत नव्या पेशी निर्माण करतात. नव्या पेशी वर सरकत जातात आणि चार-पांच दिवसांत झडून पडतात. म्हणजे गेल्या आठवड्यांतलें अस्तर आज बहुतेक शिल्लक नसतें. शरीरांत इतक्या झपाट्यानें नवीं होणारीं ठिकाणें थोडीं. जेथें नक्कल इतक्या वेळां होते, तेथें नक्कल करतांना चूक होण्याचा संभवही अधिक असतो.

या पातळ अस्तराच्या आंतल्या अंगाला शरीररक्षक पेशींची मोठी छावणी असते. कांहीं पेशी आलेल्या जंतूला गिळून टाकतात; त्यांना आपण भक्षक पेशी म्हणूं. कांहीं पेशी शत्रूची खूण ओळखून नेमका त्याच्यावर हल्ला करतात. त्यांना टी पेशी हें नांव आहे. या पेशींना डोळे नाहींत, तोंड नाहीं. त्या एकमेकींशीं बोलतात त्या लहान लहान प्रथिनांच्या द्वारें. एक पेशी असें प्रथिन सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावर त्याच्या आकाराची नेमकी खांच असते, प्रथिन त्या खांचेंत बसलें कीं दुसरीच्या आंत निरोप पोंचतो. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. आपण त्यांना संदेशद्रव्यें म्हणूं. इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन हीं नांवें आपल्यापैकीं कित्येकांनीं ऐकलीं असतील. तीं याच कुळांतलीं.

शाळेंत आयुष्य गेल्यामुळें मला येथें घंटेची आठवण होते. सकाळीं घंटा झाली कीं मुलें वर्गांत शिरतात. सायंकाळीं तीच घंटा झाली कीं बाहेर धांवत सुटतात. टोल एकच, पण वेळ निराळी म्हणून परिणाम निराळा. संदेशद्रव्यांचेंही तसेंच आहे. एकाच द्रव्याचा भक्षक पेशीवर एक परिणाम होतो, अस्तराच्या पेशीवर दुसरा होतो, आणि कर्करोगाच्या पेशीवर तिसराच होतो.

आतां आंतड्यास लहानशी जखम झाली असें समजूं. अस्तर फाटलें, जंतु आंत शिरले. भक्षक पेशी ताबडतोब धोक्याची सूचना देतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी रक्षक येतात, भाग लाल होतो, सुजतो. यालाच वैद्यकांत दाह म्हणतात. जंतूंचा निकाल लागला कीं दुसरा निरोप जातो तो अस्तराच्या पेशींना: मरूं नका, भराभर वाढा, भगदाड बुजवा. तें बुजलें कीं तिसरा निरोप: आतां पुरे. दाह ओसरतो. या तीन निरोपांवांचून आपण एक महिनाही जगलों नसतों. पण दुसऱ्या निरोपाचे शब्द पुन्हां एकदां ध्यानांत घ्या. मरूं नका, वाढा. कर्करोगाच्या पेशीला जगांत याहून अधिक कांहीं हवें असतें का?

ही शंका फार जुनी आहे. १८६३ सालीं बर्लिन येथील प्रख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांना कर्करोगाच्या गांठींत रक्तांतील पांढऱ्या पेशी दिसल्या, आणि जेथें दाह दीर्घकाळ टिकतो तेथें कर्करोग उद्भवत असावा असा तर्क त्यांनीं मांडला. पुढें १९२५ सालीं न्यू यॉर्क येथील डॉ. क्रोन व डॉ. रोझेनबर्ग यांनीं आंतड्याच्या व्रणयुक्त दाहानें आजारी असलेल्या रुग्णास तेथेंच कर्करोग झाल्याची नोंद केली. या दाहास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. वर्षानुवर्षें आंव, रक्त आणि पोटदुखी यांनीं माणसाला हैराण करणारा हा विकार आहे. २००१ सालीं अशा अनेक पाहण्यांची बेरीज करण्यांत आली. तींत कोलायटिस झाल्यापासून १० वर्षांत शंभरांतील सुमारें २, २० वर्षांत सुमारें ८ आणि ३० वर्षांत सुमारें १८ रुग्णांना आंतड्याचा कर्करोग झाल्याचें दिसलें. नंतरच्या काळांत उपचार व देखरेख सुधारल्यामुळें हे आंकडे पुष्कळ खालीं आले. परंतु दाह जितका जुना तितका धोका मोठा, हा क्रम मात्र खरा ठरला. १९८६ सालीं अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनीं कर्करोगाच्या गांठीला कधींच भरून न येणाऱ्या जखमेची उपमा दिली. तींत सर्व कांहीं आलें. गांठ ही एक अशी जागा आहे कीं जेथें दुरुस्तीचा निरोप सुटतो, पण पुरे हा निरोप पोंचत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्करोगाचें बीं बहुधा संदेशद्रव्यें पेरीत नाहींत. तें पेशीच्या आनुवंशिक लेखांत पडलेल्या चुकीमुळें पडतें. मोठ्या आंतड्यांत बहुधा पहिली चूक ए. पी. सी. नांवाच्या जनुकांत होते. हा जनुक १९९१ सालीं सांपडला. त्याचें काम पेशीच्या वाढीला आवर घालण्याचें. तो बिघडला म्हणजे अस्तरावर एक लहानसा मांसांकुर उगवतो. एवढ्यानें कर्करोग होत नाहीं. आणखी कांहीं चुका एकामागून एक सांचाव्या लागतात. त्याला बहुधा दहा किंवा अधिक वर्षें लागतात. पुष्कळ मांसांकुर जन्मभर निरुपद्रवी राहतात. मग त्यांपैकीं एखादाच कां वाढतो? बीं पडणें निराळें आणि त्याला पाणी मिळणें निराळें. पाणी घालण्याचें काम दाहाचे निरोप करतात. शिवाय दीर्घकाळच्या दाहांत रक्षक पेशी जंतूंवर जीं तिखट रसायनें सोडतात तीं शेजारच्या पेशींच्या लेखालाही इजा करतात. त्या अर्थानें दाह केव्हां केव्हां नवें बींही टाकतो.

हें केवळ अनुमान राहिलें नाहीं. २००४ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेंत मायकेल करीन, फ्लोरियन ग्रेटेन व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रसायनानें उंदरांच्या आंतड्यांत कर्करोगाचें बीं टाकावयाचें आणि दुसऱ्यानें वारंवार दाह उत्पन्न करावयाचा, अशी त्यांची पद्धति होती. दाहाचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारा एक आंतला दूत आहे. त्याचें नांव एन. एफ. कप्पा बी. या दूताला जागें करणारी कळ त्यांनीं कांहीं उंदरांत फक्त अस्तराच्या पेशींतून काढून टाकली. दाह कांहीं कमी झाला नाहीं. पण गांठींची संख्या सुमारें शेंकडा ८० नीं घटली. बिघडलेल्या पेशींना मरूं नका हा निरोप ऐकूंच आला नाहीं, आणि त्या मरून गेल्या. दुसऱ्या उंदरांत तीच कळ त्यांनीं भक्षक पेशी ज्या कुळांतल्या आहेत त्या रक्षक पेशींतून काढली. तेव्हां गांठी झाल्या त्याही लहान राहिल्या. कारण वाढा असें सांगणारीं संदेशद्रव्यें आतां पुरेशीं सुटत नव्हतीं. म्हणजे एकाच दूताचे दोन गुन्हे दोन घरांत वेगवेगळे पकडले गेले.

तें वाढविणारें द्रव्य कोणतें? २००९ सालीं त्याचें एक नांव पक्कें झालें: इंटरल्यूकिन-६. भक्षक पेशी तें सोडतात, अस्तराच्या पेशी तें ऐकतात, आणि त्यांच्या आंत स्टॅट-३ नांवाचा दुसरा दूत जागा होऊन केंद्राकडे जातो. ज्या उंदरांत हें इंटरल्यूकिन मुळांतच नव्हतें त्यांच्यांत गांठी कमी झाल्या व लहान राहिल्या. मात्र त्याच उंदरांच्या आंतड्याची जखमही नीट भरून येत नव्हती, हेंही त्याच प्रयोगांतून दिसलें. औषध शोधणाऱ्यांची अडचण यावरून कळेल. शत्रूला मिळणारें पाणी तोडावें तर आपलेंही शेत सुकतें.

नांवानें फसविणारें एक संदेशद्रव्य येथें सांगितलेंच पाहिजे. १९७५ सालीं न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेंत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड प्रभृति संशोधकांना उंदरांच्या रक्तद्रवांत असें एक द्रव्य आढळलें कीं, ज्यायोगें कांहीं गांठी काळ्या पडून सडून जात. त्यांनीं त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे अर्बुदनाशक घटक, असें नांव दिलें. कर्करोगावर रामबाण सांपडला अशी आशा त्या वेळीं पुष्कळांना वाटली असल्यास नवल नाहीं. पण २००८ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, आंतड्याच्या जुनाट दाहांत हेंच द्रव्य अडविलें असतां उंदरांना गांठी कमी होतात. नांव नाशक, आणि करणी पोसण्याची! मोठ्या मात्रेनें, थोडा वेळ, योग्य जागीं सुटलें तर तें गांठ मारतें. थोडें थोडें, वर्षानुवर्षें झिरपत राहिलें तर तें गांठ वाढवितें. घंटा तीच, वेळ निराळी.

आपण म्हणाल, कोलायटिसच्या रुग्णांचें ठीक आहे, पण आमच्या स्नेह्यांना कोलायटिस कधींच नव्हता. खरें आहे. आंतड्याच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांना तो नसतो. तेथें दाह आधीं आणि गांठ मागून असा क्रम नसून गांठ आधीं व दाह मागून असा असतो. २०१२ सालीं करीन यांच्याच प्रयोगशाळेंतून याचा उलगडा झाला. मांसांकुर उगवतो त्या जागीं श्लेष्माचा थर विरळ होतो आणि पेशींमधील सांधे ढिले पडतात. तेथून जंतूंचे अंश आंत झिरपतात. रक्षक पेशींना वाटतें, हल्ला झाला. त्या इंटरल्यूकिन-२३ सोडतात, त्यामुळें कांहीं टी पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात, आणि हा निरोप मांसांकुराच्या वाढीला उत्तेजन देतो. रक्षकांचें यांत चुकलें काय? भिंतीला भोंक पडल्याची खबर त्यांनीं प्रामाणिकपणें दिली. परंतु भोंक पाडणाराच घरांत बसला आहे, आणि दुरुस्तीसाठीं आलेली सर्व सामुग्री तोच खात आहे, हें त्यांना कळत नाहीं.

पुरे असें सांगणाऱ्या निरोपांचीही अशीच कथा आहे. इंटरल्यूकिन-१० हें शांतवन करणारें द्रव्य आहे. १९९३ सालीं तें नसलेले उंदीर तयार करण्यांत आले, आणि त्यांना आपोआप आंतड्याचा दाह जडला. पुढें अशा उंदरांना कर्करोगही होतो असें दिसलें. दुसरें द्रव्य टी. जी. एफ. बीटा. निरोगी अस्तरांत तें पेशींना थांबा म्हणतें. परंतु आंतड्याच्या कर्करोगांत कित्येकदां तें ऐकण्याची खांचच बिघडलेली असते, हें १९९५ सालीं दिसून आलें. मग थांबा हा निरोप गांठीला ऐकूं येत नाहीं, पण भोवतालच्या रक्षकांना ऐकूं येतो. ते थांबतात, गांठ थांबत नाहीं. २०१८ सालीं बार्सिलोना येथील संशोधकांनीं उंदरांत दाखविलें कीं, हें द्रव्य टी पेशींना गांठीच्या बाहेर रोखून धरतें, आणि तें अडविलें असतां टी पेशी आंत शिरून गांठीवर तुटून पडतात.

श्रोतेहो, एवढें ऐकून आपली रक्षकसंस्था घरभेदी आहे असा ग्रह होऊं नये. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. २००६ सालीं पॅरिस येथील जेरोम गॅलन व त्यांचे सहकारी यांनीं आंतड्याच्या कर्करोगाच्या काढलेल्या गांठी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून आंत किती आणि कोणत्या टी पेशी शिरलेल्या आहेत याची मोजदाद केली. ज्यांच्या गांठींत मारक टी पेशींची दाटी होती ते रुग्ण अधिक काळ जगले. आणि पुढें काय होणार याचा अंदाज गांठ किती पसरली आहे यापेक्षांही या मोजदादीवरून अधिक चांगला बांधतां आला. २०१८ सालीं अनेक देशांतील २५०० हून अधिक रुग्णांवर ही मोजणी पडताळून पाहण्यांत आली. या टी पेशी जें संदेशद्रव्य सोडतात तें इंटरफेरॉन गॅमा. त्याच्या योगानें कर्करोगाच्या पेशी आपली ओळख उघड करूं लागतात आणि आणखी मारक पेशी गोळा होतात.

येथेंही एक मेख आहे. इंटरफेरॉनचा निरोप ऐकून कर्करोगाची पेशी सावध होते आणि अंगावर एक खूण उभारते. टी पेशीवर पी. डी.-१ नांवाची एक कळ असते. ती खूण या कळीवर दाबली गेली कीं टी पेशी निपचित पडते. ही कळ १९९२ सालीं जपानांतील क्योटो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत सांपडली. २०१८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना अशा प्रकारच्या लगामांच्या शोधाबद्दल मिळालें. लगाम सोडविणारीं औषधें निघालीं. पण आंतड्याच्या कर्करोगांत पहिल्यानें निराशा झाली.

२०१५ सालीं कारण कळलें. आनुवंशिक लेखाची नक्कल होतांना पडलेल्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा प्रत्येक पेशींत असते, छापखान्यांतल्या मुद्रितशोधकासारखी. कांहीं रुग्णांच्या गांठींत ही यंत्रणाच बंद पडलेली असते. एकंदर रोग्यांत शंभरीं सुमारें १५, आणि रोग दूरवर पसरलेल्यांत शंभरीं सुमारें ५ असे असतात. अशा गांठींत चुकांचा सुळसुळाट असतो, म्हणून त्या टी पेशींना परक्या दिसतात. लगाम सोडविणारें औषध अशा १० रुग्णांना दिलें तेव्हां ४ जणांच्या गांठी लक्षांत येण्याइतक्या आक्रसल्या. ज्यांचा मुद्रितशोधक शाबूत होता अशा १८ जणांत एकाचीही आक्रसली नाहीं. २०२२ सालीं न्यू यॉर्क येथें गुदाशयाचा असाच कर्करोग असलेल्या १२ रुग्णांना सहा महिने हें उपचार दिले, आणि बाराही जणांची गांठ नाहींशी झाली. शस्त्रक्रियेची गरज पडली नाहीं. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत अशा रुग्णांची संख्या ४९ झाली होती, आणि निकाल तोच होता. अर्बुदनाशक घटक जेथें सांपडला होता त्याच संस्थेंत हें घडलें. मात्र बाकीच्या मोठ्या गटाला या औषधाचा अजून फारसा उपयोग होत नाहीं, हें सांगितलें नाहीं तर खोटी आशा दाखविल्यासारखें होईल.

आणखी एका औषधाविषयीं लोक विचारतात. तें म्हणजे ॲस्पिरिन. दाहांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं स्निग्ध संदेशद्रव्यें तयार होतात. त्यांपैकीं एक मांसांकुरांच्या वाढीस मदत करतें. ॲस्पिरिन तीं तयार होऊं देत नाहीं, हें १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं दाखविलें. ज्या घराण्यांत वर सांगितलेला मुद्रितशोधक जन्मतःच अधू असतो अशा ८६१ जणांवर प्रयोग झाला. रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दोनेक वर्षें घेतलेल्यांत शंभरीं ९ जणांना, आणि नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत शंभरीं १३ जणांना पुढें आंतड्याचा कर्करोग झाला. हा दीर्घकाळचा हिशेब २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणून प्रत्येकानें ॲस्पिरिन घ्यावें काय? मुळींच नाहीं. त्यानें पोटांत रक्तस्राव होऊं शकतो. आणि निरोगी वृद्ध माणसांवरील एका मोठ्या प्रयोगांत, २०१८ सालीं, त्यापासून आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. डॉक्टरांनीं माणूस पाहून ठरवावयाची ही गोष्ट आहे.

आतां माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतों. त्यांची प्रतिकारशक्ति कमी पडली का? पुन्हां भेटलों तेव्हां मीं त्यांना सांगितलें, "अहो, कमी पडली असें म्हणतां यावयाचें नाहीं. तुमच्या रक्षकांनीं काम केलें. कांहींनीं गांठीशीं झुंज दिली असेल, आणि कांहींनीं जखम समजून तिला पोसलें असेल. यांत तुमच्या नेमधर्माचा दोष शोधूं नका." हें ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एवढें कोणी आधीं सांगितलें असतें तर रात्रीं झोंप तरी लागली असती." रोगापेक्षां त्या अपराधी भावनेनें त्यांना अधिक पोखरलें होतें हें मला तेव्हां कळलें.

याचा अर्थ राहणीला महत्त्व नाहीं असा नव्हे. तंबाखू, दारू, लठ्ठपणा आणि बैठी संवय यांनीं या रोगाचा धोका वाढतो. शरीरांत सांचलेली फाजील चरबीही मंद दाहाचीं संदेशद्रव्यें सोडीत असते. परंतु प्रतिकारशक्ति वाढविणारीं म्हणून विकलीं जाणारीं चूर्णें, काढे व गोळ्या यांच्या जाहिराती वाचतांना आज ऐकलेली हकीगत आठवावी. वाढवावयाचें म्हणजे काय वाढवावयाचें? इंटरल्यूकिन-६ कीं इंटरफेरॉन? आणि कोठें, किती दिवस? याचें उत्तर ज्या बाटलीवर लिहिलेलें नाहीं तिच्यासाठीं पैसे खर्चूं नयेत.

त्यापेक्षां ज्या गोष्टीचा निश्चित उपयोग आहे ती सांगून संपवितों. माझ्या स्नेह्यांना आठ महिने शौचावाटे रक्त जात होतें. मूळव्याध असेल म्हणून त्यांनीं कोणाजवळ बोलणें टाळलें. लाजेनें म्हणा, कंटाळ्यानें म्हणा, आपल्याकडे पुष्कळजण असेंच करतात. श्रोतेहो, रक्त गेलें, शौचाची संवय कांहीं आठवडे बदललेली राहिली, कारण नसतां वजन घटलें किंवा पंडुरोग झाला, तर मूळव्याध आहे हें डॉक्टरांनीं म्हणूं द्या. आपण म्हणूं नका. घरांतील जवळच्या माणसाला हा रोग झालेला असेल, किंवा स्वतःला कोलायटिस असेल, तर लक्षणांची वाट न पाहतां कोणत्या वयापासून तपासणी करावयाची तें विचारून ठेवा. मांसांकुराचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षें लागतात हें मीं आधींच सांगितलें. दुर्बिणीनें आंतडें तपासतांना तो दिसला तर बहुधा त्याच वेळीं खुडून काढतां येतो, आणि मग कोणत्याही निरोपाला पोसावयास तेथें कांहीं उरत नाहीं.

शरीरांतल्या निरोपांवर आपली सत्ता नाहीं. पण शरीर आपणांस जो निरोप पाठवितें तो वेळेवर ऐकणें आपल्या हातांत आहे.